दुपारी दोनची वंदना

कामाच्या दिवशी वंदना ठोंबरेच्या हातात मी कधी मोबाईल पाहिला नाही. कंपनीच्या बसमध्ये आम्ही दोघी चौक गावच्या नाक्यावर चढायचो आणि रसायनीला उतरायचो. सगळी बस मान खाली घालून मोबाईलमध्ये असायची, ही खिडकीबाहेर बघत बसलेली. एकदा विचारलं तर म्हणाली, "मॅडम, कामावर जाताना खेळले का डोक्यात त्योच डाव फिरत राहतो. आन माझ्या मशीनला डोकं लागतं. बोट गेलं तर खेळू कशानं?"

ती खेळते म्हणजे काय खेळते, हे मला तोवर माहीत नव्हतं. रंगीत गोळ्या जुळवायचा एखादा खेळ असेल असं मी धरून चालले होते.

मी डिस्पॅचमध्ये कारकून, ती पॅकिंगला झाकणाच्या मशीनवर. पट्ट्यावरून डबे यायचे, मशीन त्यांच्यावर झाकण दाबून बसवायचं, आणि वाकडं बसलेलं झाकण बाजूला काढायचं काम हिचं. तिथला आवाज असा की दोन बायका शेजारी उभ्या राहून ओठ वाचून बोलायच्या. वंदना अडतीस-चाळीसची, बुटकी, रुंद हाडाची. बोलणं कमी. चहा बशीत ओतून एका घोटात संपवायची आणि बशी पालथी ठेवायची. ऐकायचं असलं की डोळे मिटायची. तिच्या या सवयीला पॅकिंगमधल्या बायका हसायच्या.

एका सकाळी मी चलनाचे कागद घेऊन तिकडे गेले होते. वंदना डोळे मिटून उभी होती. पुढच्या क्षणी तिने लाल बटण दाबलं आणि अख्खी लाईन थांबली. सुपरवायझर ओरडत आला, "कोणी थांबवली? का थांबवली?"

"आवाज बदललाय," वंदना म्हणाली.

"कसला आवाज? इथं आवाजाशिवाय आहे काय?"

"मशीनचं झाकण काढा न् बघा."

तो चालू करायला निघाला होता. वंदना बटणावर हात ठेवून उभी राहिली. हलेना. शेवटी फिटरला बोलावलं. त्याने मशीनचं आवरण उघडलं, आत वाकून पाहिलं आणि सुपरवायझरला खुणेने जवळ बोलावलं. दाबाची जड पट्टी एका बोल्टवर लोंबत होती. तिच्या बरोबर खाली शेवंताबाई दिवसभर हात घालून डबे सरळ करायच्या. शेवंताबाई आपले हात उलटसुलट करून बघू लागल्या. वंदना मात्र मला म्हणाली, "चलन कुठलं आनलंत? द्या इकडं."

त्या दिवशी परतीच्या बसमध्ये तिने मला पहिल्यांदा खेळाचं सांगितलं. मी विचारलं होतं, इतक्या गोंगाटात तुला कळलं कसं? ती म्हणाली, "सवय हाय. माझ्या खेळात आधी ऐकायचं असतंय, मग बघायचं. जो आधी बघाया जातो तो मरतो."

लॉकडाऊनमध्ये कंपनी बंद होती तेव्हा तिने तो खेळ मोबाईलवर घेतला होता. शंभर जण विमानातून एका बेटावर उतरतात. चौघाचौघांच्या तुकड्या. घरांतून, झाडांतून बंदुका शोधायच्या आणि दुसऱ्यांना मारत स्वतः टिकायचं. नकाशावर एक वर्तुळ असतं, ते आकसत जातं. बाहेर राहिलं तर माणूस आपोआप मरतो, आत राहिलं तर गाठ पडतेच. शेवटी एकच तुकडी उरते. हे ती मला असं सांगत होती, जशी एखादी पापडाचं पीठ किती मळायचं ते सांगते.

जानेवारीत सुट्ट्यांची यादी भिंतीवर लागली की बाकीच्या बायका माहेर, जत्रा, लग्नं मोजायच्या. वंदनाही मोजायची. मे महिन्यात दुरुस्तीसाठी कंपनी बंद राहते ते शटडाऊन, गणपती, दिवाळी. पण तिची सुट्टी दोन तासांची. पाचला उठून पाणी भरायचं, भाकऱ्या, धुणी, सासूबाईंचं औषध, नवऱ्याचा डबा, हे सगळं एक वाजेपर्यंत उरकायचं. मग घर लवंडलं की ती शिडीने माळ्यावर जायची. तिथे भाताच्या पोत्यांना पाठ लावून बसायची. "सुट्टी म्हंजे दोन ते चार," ती म्हणायची. "बाकीची सुट्टी घरच्यांची."

तिची तुकडी ठरलेली होती. एक कोल्हापूरचा बेकरीवाला, खेळातलं नाव खारी; दुपारची भट्टी लागायच्या आधी त्याला दोन तास मोकळे मिळायचे. एक अकोल्याची दीपा, नर्सिंग शिकणारी. चौथा कोण, कुठला, कुणालाच माहीत नव्हतं. तो कधी बोलायचा नाही, त्याला सगळे मौनीबाबा म्हणायचे. वंदनाने स्वतःचं नाव फणस ठेवलं होतं. यांतल्या कुणी कुणाला कधी पाहिलेलं नव्हतं; ओळख फक्त खेळताना मोबाईलवर ऐकलेल्या आवाजाची.

एका शटडाऊनमध्ये तिने माझ्या घरी बसून मला शिकवायचा प्रयत्न केला. मी तीनदा खेळले आणि तीनदा पहिल्या पाच मिनिटांत मेले. चौथ्यांदा एका घरात लपून बसले. माझ्या कानाला तिने तिच्या इयरफोनचं एक बोंड लावलं आणि दुसरं स्वतःच्या. "काय आयकू येतंय?"

"काही नाही."

"नीट आयका. गवतावर हाय तो. आता फरशीवर आला. जिना चढतोय. धा पायऱ्या हायत, सात झाल्या. मॅडम, मारा!"

मी नको तेच बटण दाबलं आणि मेले. पण त्या सात पायऱ्या मोजताना तिच्या मानेवरची शीर ताठ झालेली मला दिसली. मला त्या खेळातली भीती त्या दिवशी समजली. खोटी असली तरी भीतीच होती.

मग एका वर्षी पावसाळ्यात मला काही बारीक गोष्टी खटकू लागल्या. बसमध्ये ती मला नेहमी स्वतःच्या डाव्या बाजूला बसवायची. हाक मारली की कधी कधी भलतीकडेच बघायची. एकदा मी म्हटलं, "लक्ष कुठं आहे गं तुझं?" तर ती ज्या नजरेने माझ्याकडे वळली, ती बघून मी पुढे विचारलंच नाही.

त्या वर्षीच्या गणपतीत गौरी जेवायच्या आदल्या दिवशी मी तिच्याकडे दर्शनाला गेले. दुपारचा दीड वाजून गेला असेल. चौकच्या जुन्या हायवेपासून आत गेलं की चार घरं सोडून तिचं घर. दारात चपलांचा ढीग, म्हणजे पनवेलला राहणारे तिचे दीर-जाऊ पाहुणे आलेले. पण आत शांतता होती. मला वाटलं, सगळे झोपलेत. आत पाऊल टाकलं तर सगळे जागे. मखरासमोर सतरंजीवर तिचे मोठे दीर सुभाष बसलेले, शेजारी त्यांची बायको मंगल, कोपऱ्यात खाटेवर सासूबाई, खिडकीला टेकून वंदनाचा नवरा प्रकाश. आणि मध्ये, पानाच्या तबकाशेजारी, वंदनाचा मोबाईल. वंदना भिंतीला पाठ लावून उभी होती.

मी परत फिरायला निघाले. सुभाष म्हणाले, "या मॅडम, बसा. तुमी तिच्यासंगं रोज जाता-येता. तुमालाच इचारतो. ह्यो खारी कोन?"

मी वंदनाकडे पाहिलं. तिने मान हलवली, सांगू नका अशी का सांगा अशी, मला कळलं नाही.

मंगल बोलली. तिच्या बोलण्यात दुष्टपणा नव्हता, ती खरंच घाबरली होती. "मी काल माळ्यावर तांदूळ काढाया गेले. ही अंधारात बसलेली. म्हनत होती, तू ये, मी हितंच थांबलेय, आवाज करू नको, कुनाला कळायचं नाय. मग मी मोबाईल बघितला सकाळी. त्यात ह्ये." तिने मोबाईल उचलून वाचलं, "उद्या दोनला या, वाट बघतो. चुकवू नका."

"खेळ हाय त्यो," वंदना म्हणाली.

"खेळच चाललाय," सुभाष म्हणाले. "घरात गणपती बसलाय, आन माळ्यावर खेळ चाललाय. परकाश, तुला ठावं होतं?"

प्रकाश चौकात गाड्यांची दुरुस्ती करायचा. तो हाताच्या नखांकडे बघत राहिला. "मोबाईलवर कायतरी खेळती एवढं ठावं होतं," तो पुटपुटला. एवढंच. वंदनाने त्याच्याकडे पाहिलं आणि नजर काढून घेतली. दिरांचं बोलणं तिला लागलं नसेल इतकं ते अर्धं वाक्य लागलं.

"त्याला आता माज्यासमोर फोन लाव," सुभाष म्हणाले.

"फोन नंबर नाय माझ्याकडं. कुनाचाच नाय. निरोप खेळातच येतो." वंदनाने भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. दोनला पाच कमी होते. तिने पदर खोचला, पुढे येऊन मोबाईल उचलला आणि सतरंजीच्या मधोमध बसली. इयरफोन काढून तबकात ठेवले. आवाज पूर्ण वाढवला. "त्यो आता येईल. सगळे बसा. मी खेळते, तुमी आयका. काय समजायचं ते मग समजा."

मी हळूच म्हटलं, "त्यांना सांग तरी, घरचे ऐकतायत म्हणून."

"सांगितल्यावर आयकन्यात काय राह्यलं, मॅडम?"

कुणी पोरगेलेपणात काही बोललं असतं, एखादी चावट थट्टा जरी निघाली असती, तरी त्या खोलीत तिचा संसार मोडला असता. आणि ती हे जाणून बसली होती.

दोन वाजले. मोबाईलमधून एकदम आवाज आला, "ताई, आलासा का? मला वाटलं पाहुण्यांत अडकलासा."

सुभाषांनी हाताची घडी घातली.

"आले. चला," वंदना म्हणाली.

विमान उडालं, चौघं उतरले. पहिली काही मिनिटं नुसतं पळणं, दारं उघडणं, गोळ्या गोळा करणं. खारीने विचारलं, गौरींना यंदा काय नैवेद्य? दीपा म्हणाली, तिच्या होस्टेलला आज पुन्हा वांगीच आहेत. सुभाषांची हाताची घडी तशीच होती. मंगल मात्र पुढे सरकली होती, तिला पडदा दिसत नव्हता. मग गोळीबार सुरू झाला आणि सासूबाई खाटेवर उठून बसल्या.

"मी हितंच थांबलेय," वंदना म्हणाली. "खारी, तू ये. आवाज करू नको. वाकून ये. कुनाला कळायचं नाय."

मंगलने तोंडावर पदर धरला. कालचं तेच वाक्य होतं.

वर्तुळ लहान होत गेलं. शंभरांतले वीस उरले, मग चौदा. मौनीबाबा मेला, न बोलताच. सासूबाई आता खाटेवरून उतरून सुनेच्या खांद्यामागे येऊन बसल्या होत्या. "वंदे, त्या झाडामागं कोन हाय बघ गं. लाल टोपीवाला." वंदनाने त्याला पाडलं. म्हातारी "आगं बाई!" म्हणाली आणि लगेच गणपतीकडे बघून हात जोडले.

मी जरा श्वास घेतला. तेवढ्यात दीपाने विचारलं, "ताई, तुम्ही कानाचं घरी सांगतलं का नाही?"

वंदनाचा अंगठा थबकला. "आता नको. पुढं बघ."

"असं नका करू ना. मागच्या वेळेस म्हणले होते, गणपतीत सांगतो म्हणून. डॉक्टरनं कागद देल्याला महिना होऊन गेला."

"दीपा, गप बस!"

प्रकाश खिडकीपासून सरळ उभा राहिला. "कानाचं काय?" तो म्हणाला. खेळात वंदना एका पडक्या घरात शिरली होती, खिडकीखाली दबा धरून. तिचा मोबाईल आडवा, स्पीकरचं टोक उजव्या हाताला. आम्ही सगळे ऐकत होतो. आणि मग गवतावरची पावलं ऐकू आली. अगदी हलकी, सुकलं पान चुरडल्यासारखी. मंगलला ऐकू आली, तिने मान वळवली. सुभाषांनाही आली. मलाही. ती फरशीवर आली. वंदना तशीच खिडकीकडे रोखून बसलेली.

"वंदे," प्रकाश ओरडला, "मागं! तुज्या मागं!"

ती वळेपर्यंत पडदा लाल झाला होता.

वंदना लाल पडद्याकडे बघत होती. मग सुभाषांनी घसा साफ केला. "त्ये बोंड कानात घालून घालून झालं आसंल ह्ये," ते म्हणाले. "दुसरं काय."

तिने घरी का सांगितलं नव्हतं, ते मला त्या वाक्यात कळलं.

"कोण बोलून राहिलं तिकडे?" मोबाईलमधून दीपाचा आवाज आला.

"घरचे हायत," वंदना म्हणाली. "समदे बसलेत."

मग दीपा म्हणाली, तिचा आवाज कापत होता, पण ती थांबली नाही. "काका, तुम्ही जे कोणी आहा. ते खेळानं नाही झालं. डॉक्टरनं मशीनच्या आवाजानं झालं असं लिहिलं आहे. चौदा वर्षं त्या लाईनवर आहेत त्या. मीच म्हटलं होतं त्यांना, तपासून घ्या. पावलं ऐकू येणं बंद झालं होतं उजव्या बाजूनं, म्हणून."

प्रकाश सतरंजीवर बसला. त्याने वंदनाच्या हातातून मोबाईल घेतला, काळजीने, गरम भांडं घ्यावं तसा. तोंडाजवळ धरून म्हणाला, "मी परकाश बोलतोय. तिचा नवरा. त्या कागदात आनि काय लिवलंय, त्ये मला सांगता का?"

वंदना उठून स्वयंपाकघरात गेली. मी मागोमाग गेले. ती ओट्याला धरून उभी होती. मला वाटलं, भांडणाबद्दल बोलेल, नवऱ्याबद्दल बोलेल. तिने विचारलं, "मॅडम, तुमाला पावलं आयकू आली?"

खोटं बोलावंसं वाटलं. "आली," मी म्हटलं.

"सगळ्यांना आली?"

"हो."

ती तोंडावर पदर दाबून रडली. आवाज न करता, बाहेर पाहुणे होते म्हणून.

पुढचं सगळं सरळ झालं असं नाही. दिवाळीआधी प्रकाशने गॅरेज दोन दिवस बंद ठेवून तिला पनवेलच्या मोठ्या डॉक्टरकडे नेलं. गेलेलं परत येणार नव्हतं, राहिलेलं जपायचं होतं. कंपनीत तिने कागद नेऊन दाखवला तेव्हा तिला सुचवण्यात आलं की तब्येत बरी नसेल तर राजीनामा द्या. ती म्हणाली, "तब्येत मशीनची बरी नाय." मग रोज जेवणाच्या सुट्टीत मॅनेजरच्या दाराबाहेर उभी राहू लागली, एक शब्द न बोलता. तिसऱ्या आठवड्यात लाईनवरच्या सगळ्या बायकांना कान झाकायची साधनं मिळाली आणि तिला लेबल तपासायच्या टेबलावर बसवलं. शांत जागा होती ती. तिला मुळीच आवडली नाही. म्हणायची, "कागद बघून झोप येती."

सुभाष माफी मागणारे नव्हते. पण त्या गणपतीत निघताना त्यांनी तिला विचारलं होतं, "ती अकोल्याची पोरगी कंच्या वर्षाला हाय म्हनालीस?" वंदनाने सांगितलं. "हुशार हाय," ते म्हणाले आणि रिक्षात बसले. प्रकाशशी ती बरेच दिवस कामापुरतंच बोलत होती. कानापेक्षा त्याचं ते नखं बघणं जास्त दिवस दुखलं, असं एकदा बसमध्ये तिने मला सांगितलं.

त्यानंतर काही काळाने मी निवृत्त झाले आणि कर्जतला मुलीजवळ राहायला गेले. सामान हलवायच्या आदल्या दिवशी, दिवाळीत, फराळाचा डबा घेऊन वंदनाचा निरोप घ्यायला गेले. रिक्षा दारात थांबवून ठेवली होती. दुपारचे तीन वाजले असतील. ती माळ्यावर नव्हती. अंगणात, ऊन पडलेल्या ओट्यावर, सगळ्यांच्या येण्या-जाण्यात बसून खेळत होती. डॉक्टरने दिलेलं ऐकायचं यंत्र कानातून काढून शेजारी रुमालावर ठेवलेलं. त्याने पंखा आणि पाऊल सारखंच मोठं होतं, अशी तिची तक्रार. दारातून मी दोनदा हाक मारली. तिची मान वर झाली नाही.

जवळ जाऊन तिच्या डाव्या हाताला उभी राहिले. पडद्यावर पाच जण उरले होते, तिच्या बाजूची ती एकटी. पूर्वी ती डोळे मिटायची. आता डोळे ताणून बघत होती. सावली हलली, गवत वाकलं, दार किंचित उघडं दिसलं, सगळं टिपत होती. अंगठे पहिल्यापेक्षा सावकाश चालत होते. तिने न बघताच सरकून मला जागा केली. कुणीतरी आलंय एवढंच तिला कळलं असावं.

मी बसले. रिक्षावाल्याने हॉर्न वाजवला, पुन्हा वाजवला. पाचांचे चार झाले, तीन झाले. तिच्या मानेवरची शीर तशीच ताठ होती. मी डबा मांडीवर घट्ट धरून बसून राहिले, जणू मी हलले तर ती मरेल.

शेवटचा जण पडला तेव्हा तिने हळूच श्वास सोडला, मोबाईल ओट्यावर पालथा ठेवला, पदराने कपाळ पुसलं आणि शेजारी पाहिलं.

"अगं बाई, मॅडम," ती म्हणाली. "तुमी कवा आलात?"